भिंतीकडची बाजू

मावशींचं काम कागदावर दीड ओळीत मावायचं: सराव खोली उघडणे, झाडणे, पुसणे, सामान मोजून ठेवणे. जे काम कागदावर नव्हतं ते वर्षातून दोनदा यायचं. परीक्षेच्या दिवशी मावशी आजारी पडायच्या.

खरोखर नव्हे हो. नर्सिंगच्या शाळेत पोरींची प्रॅक्टिकल घ्यायची तर अंथरुणात कुणीतरी हवं. वॉर्डातला खरा पेशंट दिवसभर दहा पोरींच्या हाती द्यायचा म्हणजे बरा होत आलेला माणूस पुन्हा पडायचा. सरावासाठी माणसाएवढी एक रबरी बाहुली होती. पोरी तिला राणीसाहेब म्हणायच्या, कारण ती कधी कुणासाठी उठली नाही. पण राणीसाहेबांचा खुबा निखळलेला. कुशीवर वळवलं की बाई एकीकडे आणि पाय दुसरीकडे. म्हणून मग पलंगावर मावशी. एकोणीस वर्षं झाली होती. सकाळी पातळ झगा घालून, गळ्यापर्यंत चादर ओढून त्या आडव्या व्हायच्या आणि पोरी एकीमागून एक येऊन त्यांचं तोंड पुसायच्या, हात पुसायच्या, कुशीवर वळवून पाठ पुसायच्या. संध्याकाळी घरी गेल्या की नवरा वरपासून खालपर्यंत बघून म्हणायचा, "आज लखलखतेयस अगदी. परीक्षा होती वाटतं."

पेशंटला नियम एकच. विचारलं तर उत्तर द्यायचं, एरवी तोंड मिटून पडायचं. आता विचारतंय कोण! पोरी यायच्या त्या पाठ केलेलं म्हणतच. "मी आता तुमचं अंग पुसणार आहे," हे त्या छताकडे बघून सांगायच्या, आणि छताची काही हरकत नाही असं धरून कामाला लागायच्या.

नोकरी नवी होती तेव्हा एकदा एक पोरगी पायाच्या बोटांमधली जागा कोरडी करायची विसरली. मावशींना राहवेना. त्यांनी चादरीबाहेरचा अंगठा जरासा हलवला, इतकंच. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी तो पाहिला, खूण धरली आणि पोरीचा कागद तिथेच बाजूला काढून ठेवला. पोरगी सहा महिने मागे पडली, मावशींच्या अंगठ्यापायी. तेव्हापासून परीक्षेला झोपल्या की मावशी आपल्या अंगाचा कुठलाच भाग आपला समजायच्या नाहीत.

नापास झालेल्या पोरीला तिथे रिपीटर म्हणत. रिपीटरला नापास झाल्याचं दुःख एक दिवसाचं, पुढचे सहा महिने भोगायचे ते वेगळेच. बरोबरच्या मैत्रिणी वरच्या वर्गात जायच्या. मागून आलेल्या पोरी 'ताई' म्हणून लांब बसायच्या. आणि तो विषय सुटेपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायची बंदी. कच्चा हात पेशंटला लावू नये, असा नियम. ऐकायला अगदी चोख. मग हात पक्का करायचा कुठे? तर सराव खोलीत. सकाळी नऊला येऊन बसायचं, पाचला उठायचं, आणि मधल्या वेळात राणीसाहेबांची आंघोळ. दिवसाला चारचार आंघोळी करून राणीसाहेबांच्या नाकाचा रंग उडाला होता.

रिपीटरच्या मदतीसाठी एक वहीही होती. 'जादा मार्गदर्शन' असं तिच्यावर लिहिलेलं. महिन्यातून एकदा ट्यूटर बाई पोरीला समोर बसवायच्या, वहीत एक ओळ लिहायच्या, खाली पोरीची सही घ्यायच्या. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. वाचायच्या त्या बोट ठेवून ठेवून. पण त्या वहीतली ओळ त्यांना लांबूनही वाचता यायची, कारण दर पानावर तीच होती: अधिक सराव करावा. ट्यूटर बाई मनाच्या वाईट नव्हत्या. साठ पोरींना त्या एकट्या होत्या, त्यांना स्वतःचं जेवण डब्यात आहे की घरी राहिलं हेही आठवत नसे.

तर त्या वर्षी रिपीटर एकच होती. तिला सगळ्या पाढा म्हणत. अंग पुसण्याच्या सव्वीस पायऱ्या होत्या आणि ही त्या सरळ म्हणायची, उलट म्हणायची, मधूनच एखादा आकडा घाला, तिथून पुढे म्हणायची.

"चौदा?" मावशी लादी पुसता पुसता विचारायच्या.

"चौदा, पाणी बदलणे."

"सतरा?"

"सतरा, पलीकडचा कठडा वर करणे. अठरा, पेशंटला कुशीवर वळवणे."

"अगं, एवढं मला माझं लग्न कधी झालं तेही पाठ नाही. आणि तू नापास कशी होतेस?"

ती दोनदा नापास झाली होती आणि दोन्हीदा सतराव्या पायरीवर. यादीत त्या पायरीपुढे लाल चांदणी होती. पेशंटला पलीकडच्या कुशीवर वळवायचं तर पलीकडच्या बाजूचा लोखंडी कठडा आधी वर हवा, नाहीतर माणूस धाडकन खाली. ती एक चुकली की बाकीच्या पंचवीस सोन्याच्या असल्या तरी नापास. तिसऱ्यांदा नापास झालं की शाळेतून नावच कमी.

आणि याहून एक मोठं लोढणं पोरीने स्वतःच्या हाताने गळ्यात बांधून घेतलं होतं. ते मावशींना कळलं एका दुपारी. पाढा खिडकीशी फोनवर बोलत होती, "हो आई, वॉर्डातच आहे. हो, जेवले. अगं पेशंट बोलावतोय, ठेवते." फोन ठेवून वळली तर समोर मावशी, हातात फडकं.

"कोण पेशंट? राणीसाहेब?"

पाढाचा चेहरा पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा आईला सांगितलं पास झाले. आईने शिवणाच्या मशिनवरून उठून शेजारच्या चार घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कारण आईच्या लेखी ती सहा महिन्यांपूर्वीच सुटली होती. "आता दुसऱ्या वर्षाची टोपी घालून फोटो पाठव म्हणते, मावशी. कुणाची टोपी घालू?"

"माझं फडकं बांध डोक्याला," मावशी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. हसून झाल्यावर पाढा बराच वेळ राणीसाहेबांचं नाक पुसत बसली.

त्या दिवसापासून मावशींनी पोरीला मनावर घेतलं. दुपारचा चहा दोन कपांत व्हायला लागला. पाढा पायऱ्या म्हणायची, मावशी तिचे हात बघायच्या. एकदा राणीसाहेबांचा पाय अगदीच हातात आला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "सार बाजूला हिला. मीच झोपते. परीक्षेला मीच असणार की."

पाढाने सुरुवात केली. पडदा ओढला, पंखा बंद केला, पाणी मनगटावर बघितलं. पोरीचा हात हलका होता. मावशींना एकोणीस वर्षांतले हात माहीत होते. सोळापर्यंत सगळं झ्याक. मग ती म्हणाली, "सतरा, पलीकडचा कठडा वर केला," आणि मावशींच्या खांद्याला आणि कमरेला हात घालून त्यांना पलीकडे वळवलं. मावशींचा गुडघा खाडकन भिंतीवर आपटला.

"आई गं!"

"लागलं, मावशी?"

मावशी भिंतीकडे तोंड करून तशाच पडून राहिल्या. नाकासमोर चुना. गुडघ्यापेक्षा दुसरंच काहीतरी ठणकायला लागलं होतं.

"कठडा कुठे वर केलास तू?"

"इथे वर होत नाही ना. पलंग भिंतीला लागलाय. ट्यूटर बाई म्हणतात, नुसतं बोलून दाखवा."

"सगळ्या बोलूनच दाखवतात?"

"सगळ्याच."

मावशी उठून बसल्या, आणि त्यांना दिसलं ते असं: बाकीच्या पोरी इथे नुसतं बोलायच्या, पण परीक्षेआधी वॉर्डात जाऊन चाळीस पलंगांचे कठडे दिवसभर खालीवर करायच्या. त्यांच्या हाताला सवय लागायची. पाढाची पहिली परीक्षा जवळ आली आणि वॉर्डाचे दिवस सुरू झाले, तेव्हा ही कांजिण्या येऊन खोलीत कोंडून पडली होती. नापास झाल्यावर वॉर्ड बंदच. म्हणजे या पोरीने आजवर जेवढी माणसं आणि बाहुल्या वळवल्या, त्या सगळ्या भिंतीकडे. तिच्या हाताच्या हिशेबी पलीकडे कायम भिंत होती. परीक्षेला पलंग मोठ्या हॉलच्या मधोमध, बाईंना चारी बाजूंनी फिरता यावं म्हणून. तिथे भिंत कुठून येणार?

आणि भिंतीला पलंग लावला कुणी?

अकरा वर्षांपूर्वी ऑफिसातून एक लोखंडी कपाट आलं होतं, जुन्या उत्तरपत्रिकांचं. 'चार दिवस ठेवून घ्या' म्हणून आलेलं ते कपाट तिथेच म्हातारं झालं. कपाटाला जागा द्यायला पलंग दाराकडे सरकला, तेव्हा दार पुरतं उघडेना, पोछा फिरवायला जागा राहीना. तेव्हा एका सकाळी मावशींनी कुणालाच न विचारता पलंगाला कंबर लावली आणि तो ढकलून भिंतीला चिकटवला. जागा कशी मोकळी झाली! त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

अकरा वर्षं. मावशींनी रिपीटर पोरी आठवायला घेतल्या. नावं आठवेनात, सवयी आठवल्या. नखं खाणारी. बोलताना डोळे मिटणारी. डब्यात रोज उकडलेलं अंडं आणणारी. त्यातल्या किती जणी सतराव्या पायरीवर गेल्या होत्या, कुणास ठाऊक. मावशींनी कधी विचारलं नव्हतं. तिघी तर घरीच गेल्या होत्या कायमच्या. अंडंवाली जाताना मावशींच्या गळ्यात पडून रडली होती, आणि मावशी तिला म्हणाल्या होत्या, "नशीब असतं बाई एकेकाचं."

"मावशी, गुडघ्याला बर्फ लावू?" पाढा विचारत होती.

"नको," मावशी म्हणाल्या. तोंडाशी आलेलं त्यांनी गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या ट्यूटर बाईंकडे गेल्या. भिंत नडते एवढं सांगितलं. पलंग भिंतीकडे कुणी नेला ते सांगितलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"बरोबर आहे तुमचं," ट्यूटर बाई डोळे चोळत म्हणाल्या. "पण पलंग मधे घेतला तर दार अर्धंच उघडेल. तपासणीला आले तर तेच पहिलं लिहून नेतील. आधी कपाट हलायला हवं."

कपाटाचं ऑफिसात विचारलं. कारकून म्हणाला, "पत्र द्या."

"कुणाला?"

"आम्हालाच."

"आणि मग?"

"मग आम्ही वर पाठवू."

"आणि वरचे?"

"ते आम्हाला विचारतील, कपाट कुणाचं."

मावशी परत आल्या. महिन्याची भेट होऊन गेली होती. वहीत नवी ओळ होती, वाचायची गरज नव्हती.

संध्याकाळी जेवताना मावशींनी घास नुसता चिवडला. नवरा बसचा ड्रायव्हर होता, शेवटची सहा वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यात गेलेली. गुडघे गेले तेव्हापासून घरी बसून खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवणं हाच त्याचा धंदा. त्याला त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या ढकलण्यासकट.

"हं," तो म्हणाला. "आमच्याकडे एक पोरगा होता. गाडी मागे घ्यायची शिकला तो डेपोत. मागे गोदामाची भिंत. मान वळवायचाच नाही. रस्त्यावर आला आणि पहिल्याच दिवशी दूधवाल्याची सायकल."

"मग काय केलंत?"

"शंभर वेळा मान वळवून घेतली. तोंडाने 'बघितलं, बघितलं' म्हणत होता, त्याचं तोंड बंद केलं आधी." त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "पोरीला सांगितलंस का, कुणी ढकलला ते?"

"नाही."

"सांग."

"सांगून काय होणार आहे?"

"काही नाही होणार. तू जेवशील."

मावशींनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी चहा ओतता ओतता सांगून टाकलं. पाढा कप हातात धरून ऐकत राहिली.

"तुम्ही?"

"मी."

"पोछ्यासाठी?"

"हो."

"वर्ष होत आलं, मावशी! वर्षभर मी समजते माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. आईशी खोटं बोलते मी. स्वतःला कानफटात मारून घेतलंय मी या खोलीत. आणि तुम्ही मला चहा देता!"

कप तिने खिडकीत आपटला आणि निघून गेली. दोन दिवस आली नाही. मावशी राणीसाहेबांशेजारी बसून राहिल्या. चहा एक कप केला, तोही निवला.

तिसऱ्या दिवशी नऊला पाढा दारात उभी. बसली नाही, हसली नाही.

"ओढा," ती म्हणाली.

"काय?"

"पलंग. तुम्ही ढकललात, तुम्हीच ओढा. मी पायाकडून धरते."

दोघींनी मिळून पलंग ओढला, हातभर. त्याच्यापुढे कपाट. दार अर्धं उघडायचं. मावशींना अंग तिरकं करून, आडवं होऊन आत यावं लागे. पलीकडचा कठडा मात्र हलेना, अकरा वर्षांत त्याच्यावर तीनदा रंग बसला होता. नवऱ्याने घरून तेलाची बाटली आणि एक जुना पाना दिला. तीन दिवस खरवडून, तेल सोडून, शिव्या घालून कठडा एकदाचा कुरकुरत वर आला. संध्याकाळी पलंग पुन्हा भिंतीला, सकाळी पुन्हा बाहेर. ट्यूटर बाईंनी एकदा अर्ध्या दारातून डोकावून बघितलं आणि काही न बघितल्यासारख्या गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "पाचला जागच्या जागी हं."

मावशी झोपायच्या, पाढा पुसायची. अट एकच, सतरावी पायरी तोंडाने म्हणायची नाही. सहा आठवडे असं चाललं. पोरीचा राग कधी गेला ते मावशींना कळलं नाही. एक दिवस चहा पुन्हा दोन कप झाला एवढंच. हातही बसला. फक्त एक गोम राहिली. मागे कुणी पेन टकटकवलं की पाढा दचकायची आणि हात जुन्या वळणावर जायचा. परीक्षेतल्या बाई कागदावर खुणा करताना पेनाचं बटण दाबतात, तो आवाज तिच्या मनात भूत होऊन बसला होता. मावशींनी नातवाच्या दप्तरातलं एक पेन पळवून आणलं आणि चादरीखाली धरून वाजवायला लागल्या. टक. टक. कधी लिहायला पेन धरलं नाही तेवढं मावशींनी त्या सहा आठवड्यांत वाजवलं.

"आणि घाबरलीस तर?" मावशींनी विचारलं.

"तर थांबेन."

"थांबून काय करशील? छताकडे बघशील?"

पाढाने ओलं फडकं पिळलं. परीक्षेच्या दिवशी मावशी पलंगावर ओंडका होणार होत्या, एवढं दोघींना माहीत होतं.

तो दिवस आला. मोठ्या हॉलच्या मधोमध पलंग, चारी बाजूंना मोकळी फरशी. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज मऊ. त्यांच्या शेजारी ट्यूटर बाई. पाढाची पाळी पाचवी. ती आत आली तेव्हा मावशींनी डोळे छताला लावले.

हात लागला तो बर्फासारखा. तरी पडदा, पंखा, पाणी. तोंड, मान, हात. टक. टक. परीक्षक बाई पायाशी उभ्या होत्या, मग फिरत फिरत डोक्याशी आल्या. पोट, पाय, बोटांमधली जागा. चौदाला पाणी बदललं. सोळा झाली. अगदी कानाशी टक.

मावशींना तिचा श्वास अडकलेला ऐकू आला. आणि मग, सहा आठवडे जे बोलायचं नाही म्हणून घोकलं होतं ते शब्द आले: "पलीकडचा कठडा वर केला." हात कठड्याकडे गेलाच नाही. एक तळवा मावशींच्या खांद्यावर बसला, दुसरा कमरेवर.

मावशी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पलीकडची फरशी बघत होत्या. किती खाली होती ती! बोलता येत नव्हतं. अंगठा हलवता येत नव्हता. एक शब्द टाकला तर पोरगी गेली, नाही टाकला तरी गेली; आणि पलंग ज्या हातांनी भिंतीला लावला ते दोन्ही हात चादरीखाली निपचित पडलेले. तळव्यांचा जोर वाढला. आता वळवणार. मावशींना काही ठरवायला वेळच मिळाला नाही. साठीला आलेलं शरीर, गुडघा अजून हुळहुळता. ते आपलं आपण ताठ झालं, जसं कुणाचंही होईल.

तळवे थांबले.

पाढा छताकडे बघत नव्हती. ती वाकली होती, आणि मावशींना तिचा चेहरा अगदी जवळ दिसला, घामाने डवरलेला.

"भीती वाटतेय का तुम्हाला?" तिने विचारलं.

एकोणीस वर्षांत कुणी विचारलेलं ते पहिलंच.

"हो," त्या म्हणाल्या.

पाढाने मान वर करून पलीकडे बघितलं. पलीकडे काही नव्हतं. ती पलंगाला वळसा घालून गेली, दोन्ही हातांनी कठडा वर घेतला, खटका बसल्याचा आवाज झाला, तो एकदा हलवून बघितला आणि परत आली. मग वळवलं. पाठ पुसली. सव्वीस पायऱ्या झाल्या.

"थांबा," परीक्षक बाई म्हणाल्या. पाढा पडद्याशीच थिजली. बाई मावशींकडे वळल्या. "तुम्ही तिला खूण केलीत?"

ट्यूटर बाई खाली बघत होत्या.

मावशी उठून बसल्या, झगा सारखा करत. "खूण नाही केली बाई. पडेन अशी भीती वाटली, अंग आखडलं. तिने विचारलं, मी उत्तर दिलं. विचारलं तर उत्तर द्यायचं असा नियम आहे मला." इथे थांबल्या असत्या तर चाललं असतं. पण पुढचंही आलं. "आणि एक सांगते. सराव खोलीतला पलंग अकरा वर्षं भिंतीला आहे. तिथे हा कठडा वर होतच नाही. तो पलंग मी ढकललाय, माझ्या पोछ्यासाठी. ट्यूटर बाईंनी नाही, या पोरीने नाही. लिहायचं तर माझं नाव लिहा."

परीक्षक बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग ट्यूटर बाईंकडे. कागदावर बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढची मुलगी." मावशी पुन्हा आडव्या झाल्या, अजून पाचजणी पुसायच्या राहिल्या होत्या.

निकालाला तीन आठवडे होते. ट्यूटर बाई मावशींशी बोलायच्या, पण कामापुरतं. एका सकाळी अर्ध्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पुढच्या परीक्षेपासून पेशंट बाहेरून आणायचं ठरलंय. तुम्हाला झोपवायचं नाही असं आलंय वरून."

"बरं."

"मावशी, मला आधी सांगायचं होतंत."

"हो," मावशी म्हणाल्या. "अकरा वर्षं आधी."

ट्यूटर बाईंच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "पलंग मात्र मधेच ठेवा म्हणतात. कपाटाचं पत्र गेलंय."

निकाल लागला तेव्हा पाढा फळ्यापर्यंत जाईना. सराव खोलीत राणीसाहेबांशेजारी बसून राहिली. "तुम्ही बघून या. माझा नंबर सतरा."

"सतराच! दुसरा नव्हता का मिळत?" मावशी म्हणाल्या आणि दारातून आडव्या होऊन बाहेर पडल्या.

फळ्यापुढे पोरींची गर्दी. मावशींनी कोपरं मारत वाट काढली, काचेवर बोट ठेवलं आणि आकड्यांवरून एकेक करत खाली आणलं. बोट सतरावर थांबलं. पुढचा शब्द त्यांनी अक्षर लावून वाचला. पुन्हा वाचला. मग शेजारच्या पोरीला विचारलं, "हे 'पास'च लिहिलंय ना गं?"

खोलीत परतल्या आणि नुसती मान हलवली. पाढा उठली, बसली, पुन्हा उठली. राणीसाहेबांच्या गळ्यात पडली, मग मावशींच्या. मग फोन काढला, आईचा नंबर लावला. मावशींना पलीकडची घंटा ऐकू आली, मशिनची घरघर, आणि "काय गं, आज एवढ्या दुपारी?"

पाढाचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

"काही नाही आई," ती म्हणाली. "असाच केला."

"वॉर्डात नाहीस का आज?"

"आहे ना. उद्या... उद्यापासून जास्त काम आहे जरा."

"जेवून घे वेळेवर. आणि तो टोपीचा फोटो?"

"पाठवते. नक्की पाठवते."

फोन ठेवला. ती पलंगाच्या कडेवर बसली. "मावशी, कुणाला सांगू मी? आईच्या लेखी मी केव्हाची पास आहे. मैत्रिणींचं तर दुसरं वर्षही संपत आलं. कुणाला सांगू?"

"मला सांग."

"तुम्हाला माहितीये. तुम्हीच तर बघून आलात."

"तरी सांग."

मावशींनी फडकं बाजूला ठेवलं, बाकावर नीट बसल्या, हात मांडीवर घेतले, पाहुणीसारख्या. पाढा नाक पुसून सरळ बसली.

"मावशी, मी पास झाले."

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "कधी? आणि मला आत्ता सांगतेस?"

त्याच वेळी कुणीतरी दार ढकललं. ते पलंगाला धडकून अर्ध्यावर अडलं. फटीतून एक नवी पोरगी आत बघत होती, डोळे रडून लाल, छातीशी 'जादा मार्गदर्शन'ची वही धरलेली.

"इथेच बसायचं का आम्ही?" तिने विचारलं.

"इथेच," मावशी म्हणाल्या. "आडवी हो, म्हणजे येता येईल."